पोंचो लायनर: हलके सैनिकी पांघरूण डोंगरात कसे वापरावे

अमेरिकन लष्कराच्या जुन्या किंवा शिल्लक साहित्यात मिळणारे पोंचो लायनर हे मुळात पावसाळी पोंचोला, म्हणजे डोक्यातून घालायच्या सैल रेनकोटाला, आतून बांधायचे अस्तर आहे. रिपस्टॉप (भोक पडले तरी ते लगेच वाढू न देणाऱ्या विणीच्या) नायलॉनचे दोन पातळ थर, त्यांच्यामध्ये पॉलिएस्टरच्या तंतूंचे भरण, हे भरण एका जागी गोळा होऊ नये म्हणून घातलेले टाके, कडेने शिवलेला गोट आणि बांधण्यासाठी नाड्या, एवढाच त्याचा संसार असतो. बांधणी पाहिली तर आपल्या गोधडीशी तिचे जवळचे नाते आहे. मात्र सुती गोधडी एकदा भिजली की दिवसभर उन्हात घालावी लागते आणि हे पांघरूण पिळून झटकले की तासा-दोन तासांत पुन्हा वापरण्याजोगे होते. साधारण २०८ सेंटिमीटर लांब, १५७ सेंटिमीटर रुंद आणि पाऊण किलोच्या आसपास वजनाची ही वस्तू सॅकच्या एका कोपऱ्यात मावते. त्यामुळे जड स्लीपिंग बॅग नको असलेल्या भटक्यांना तिचा मोह पडतो. तो मोह योग्यच आहे, फक्त एक अट आहे: हे पांघरूण एकटे पुरत नाही. खाली काय अंथरले आहे आणि वर वारा कशाने अडवला आहे, यावरच त्याची ऊब ठरते, आणि नवशिक्यांची फसगत नेमकी इथेच होते.

हे पांघरूण १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला, व्हिएतनाममधील सैनिकांच्या गरजेतून तयार झाले. लोकरीची कांबळी तेथील पावसात आणि दमट हवेत भिजून जड होत आणि लवकर सुकत नसत. त्या मुलखात कडाक्याची थंडी हा प्रश्न नव्हता; दिवसभर उकाडा आणि घाम, सायंकाळी पाऊस, आणि उंच भागात पहाटे अंगावर काटा आणणारा गारवा, अशी तिथली परिस्थिती होती. अशा हवेसाठी हलके, न भिजणारे नव्हे तर भिजूनही लवकर सुकणारे पांघरूण हवे होते. पॉलिएस्टरचा तंतू स्वतः जवळजवळ पाणी शोषत नाही, म्हणून ते चिंब झाले तरी भरणाचा फुगीरपणा बराचसा टिकतो. पक्ष्यांच्या पिसांचे भरण मात्र भिजल्यावर चिकटून बसते आणि त्याची ऊब जाते. सैनिकांनी लाडाने या पांघरुणाला ‘वूबी’ असे नाव दिले आणि त्यानंतर नक्षी बदलल्या, काही नव्या आवृत्त्यांना चेन लागली, तरी मूळ कल्पना तीच राहिली. सह्याद्रीच्या भटकंतीसाठी ते सोयीचे वाटते त्याचे कारणही यातच आहे, कारण आपल्या घाटमाथ्यावरचा गारवा त्याच जातीचा आहे. हिमालयातल्या बर्फात मात्र हे पांघरूण एकटे नेणे हा शुद्ध अविचार ठरेल.

खरेदी करताना काय पाहावे

भारतात अस्सल अमेरिकन लायनर सहज मिळत नाही. अमेरिकेत राहणाऱ्या मराठी मंडळींना तेथील सरप्लस दुकानांत ते सापडते, आणि सुट्टीत घरी येताना बॅगेत टाकून आणता येते. आपल्याकडे ऑनलाइन मिळणारे बहुतेक नग त्याच धर्तीवर केलेल्या नकला असतात. नक्कल म्हणजे टाकाऊच, असे मात्र नाही. कापड घट्ट विणीचे, टाके नीट आणि भरण सारखे असेल तर पहिल्या हंगामासाठी ती चालते. अस्सल नगावर छापील चिठ्ठी शिवलेली असते. तीवर १३ अंकी साठा क्रमांक आणि कराराचा क्रमांक असतो. कराराच्या क्रमांकात पहिल्या गटानंतर येणारे दोन आकडे कराराचे वर्ष सांगतात, त्यावरून कापडाच्या वयाचा अंदाज येतो. वीस-तीस वर्षांपूर्वीचे लायनरही उत्तम स्थितीत असू शकते, कारण ते उन्हात किती राहिले यावर त्याचे आयुष्य वयापेक्षा अधिक अवलंबून असते.

जुना नग हातात आला की तो उजेडासमोर धरावा. जिथून उजेड अधिक आरपार येतो तिथले भरण सरकले आहे किंवा विरळ झाले आहे, असे समजावे. असे पट्टे एक-दोन असतील तर चिंता नाही. पण टाक्यांच्या ओळीच्या ओळी उसवल्या असतील तर ते पांघरूण पुढच्या धुण्यात गोळ्यागोळ्यांचे होईल. त्यानंतर नाड्या मोजाव्यात. त्या कोपऱ्यांना आणि चारही कडांच्या मध्यावर, अशा एकूण आठ असतात. एखादी तुटलेली असेल तर घरी सुती फीत शिवून बसवता येते. नाडीखालचा गोटच फाटला असेल तर किंमत कमी करून मागावी. शेवटी बोटांच्या चिमटीत कापड धरून दोन्ही बाजूंना जरा ताणावे. उन्हाने कमजोर झालेले नायलॉन तिथल्या तिथे बारीक फाटते, आणि विक्रेत्यासमोरच फाटलेले बरे.

नक्षीबाबत माझा आग्रह साध्या हिरव्या किंवा मातकट रंगाचा आहे. सैनिक असल्याचा भास निर्माण करण्यासाठी तसा पोशाख करणे आपल्याकडे गुन्हा आहे. पांघरूण हा पोशाख नव्हे हे खरे, पण गावच्या पोलीस पाटलाला किंवा वनरक्षकाला ते अंधारात समजावत बसण्यापेक्षा साधा रंग घेणे सोयीचे. बार्बाडोस, जमैका यांसारख्या देशांत तर सैनिकी नक्षीचे कपडे वापरण्यास नागरिकांना बंदीच आहे, म्हणून परदेशी प्रवासात ते सामान सोबत असेल तर आधी नियम पाहावेत.

थंडीचा अंदाज

एका पातळ पांघरुणाने किती थंडी भागते, याचे उत्तर माणसागणिक बदलते. अंगात पूर्ण कपडे, खाली चांगली चटई आणि वाऱ्यापासून आडोसा असेल तर दहा अंश सेल्सियसपर्यंत बहुतेकांना या लायनरवर झोप लागते. त्याखाली ते झोपेपेक्षा जागरणाचे साधन होते. हा आकडा कुठल्याही मानकाने ठरलेला नाही, अनुभवातून वापरला जाणारा अंदाज आहे, आणि थंडी लवकर वाजणाऱ्यांनी तो बारा-तेरा अंश धरावा.

डोंगरावरचे तापमान काढण्याची एक सोपी रीत आहे. समुद्रसपाटीपासूनची उंची हजार मीटरने वाढली की तापमान सरासरी साडेसहा अंशांनी घटते. हवामान विभागाने पुण्याचे किमान तापमान १२ अंश दिले असेल आणि आपण १,४०३ मीटर उंचीच्या तोरण्याचा विचार करत असू, तर पुण्याची उंची सुमारे ५६० मीटर धरता फरक ८४० मीटरच्या आसपास येतो. म्हणजे वर तापमान साडेपाच अंशांनी कमी, साधारण साडेसहा अंश. हा हिशेब अगदी बरोबर येईलच असे नाही. निरभ्र, शांत रात्री थंड हवा जड होऊन खोलगट भागात उतरते, म्हणून डोंगराच्या माथ्यापेक्षा पायथ्याचे खोरे अधिक गार असू शकते. राज्यातील नीचांकी तापमानाच्या बातम्यांत थंड हवेच्या ठिकाणांऐवजी निफाडचे नाव वारंवार येते, त्यामागेही असेच कारण आहे. तरी हिशेब वाईट बाजूने धरावा, कारण माथ्यावरचा वारा त्या साडेसहा अंशांनाही आणखी बोचरे करतो. कळसूबाईच्या १,६४६ मीटर उंच शिखराच्या परिसरात जानेवारीत फक्त लायनरच्या भरवशावर जाऊ नये. तिथे ते स्लीपिंग बॅगच्या आत किंवा वरून जास्तीचा थर म्हणून घ्यावे. या कामी ते फार उपयोगाचे आहे, आणि अनेकजण ते मुख्यतः असेच वापरतात.

जमीन आधी, पांघरूण नंतर

शरीराच्या भाराने खालचे भरण दाबले जाते आणि दाबलेल्या भरणात हवा उरत नाही, म्हणून त्याची ऊबही उरत नाही. लायनरचा अर्धा भाग अंगाखाली आणि अर्धा वर घेणाऱ्या नवशिक्याला पाठ गार पडल्याचे कळते, पण कारण कळत नाही. ऊब वरून कमी पडत नसते, ती खालून खडक आणि माती ओढून घेत असतात. म्हणून पहिला खर्च चटईवर करावा. बंद फोमची साधी कॅरीमॅट स्वस्त, हलकी आणि न फुटणारी असते; हवेने फुगवायची मऊ असते, पण काट्यांच्या प्रदेशात तिला जपावे लागते. गारठ्याच्या दिवसांत फोमच्या दोन मॅट एकावर एक ठेवल्या तर नवे महागडे पांघरूण घेतल्याइतका फरक पडतो. मॅट हाताशी नसेल तर सॅक रिकामी करून पायाखाली, दोर आणि जादा कपडे कमरेखाली, असे जे असेल ते खाली घालावे, आणि लायनर मात्र पूर्णपणे अंगावरच ठेवावे.

पांघरण्याच्या तीन रीती

पहिली रीत सर्वांत साधी आणि माझ्या मते नवशिक्यांसाठी पुरेशी आहे. लायनर आडवे न घेता लांबीनुसार अंगावर घ्यावे, खालचे दोन कोपरे एकमेकांना सुरगाठीने बांधावेत, आणि दोन्ही बाजूंच्या मध्यावरच्या नाड्या मांडीपाशी एकमेकींना बांधाव्यात. यामुळे पायांसाठी एक खोबण तयार होते आणि कूस बदलली तरी पांघरूण सरकत नाही. कोपरे आणि मांडी यांच्या दरम्यान फट राहते. तिथे तीन-चार टिच बटणे शिंप्याकडून लावून घेतली तर फट बंद होते. वरचा भाग मोकळा असल्याने उकडल्यावर तो खाली सारता येतो, आणि रात्रीची पहिली वेळ सह्याद्रीत बहुतेक उकाड्याचीच असते.

दुसरी रीत पोंचोसह आहे, जिच्यासाठी हे अस्तर मुळात केलेले आहे. पोंचो जमिनीवर पसरून त्याची आतील बाजू वर करावी, टोपीचे तोंड तिच्या नाडीने आवळून बंद करावे, त्यावर लायनर ठेवून कोपऱ्याला कोपरा जुळवावा आणि प्रत्येक नाडी पोंचोच्या आयलेटमधून (धातूची कडी बसवलेल्या छिद्रातून) ओवून सुटी होणारी गाठ द्यावी. नंतर दोन्ही एकत्र लांबीतून दुमडून पोंचोच्या बाजूची टिच बटणे लावली की पिशवी तयार होते. पावसाळी रेनकोटासारख्या भारतीय पोंचोला आयलेट नसतात. ताडपत्रीवाल्याकडून ती पाडून घेता येतात. या रीतीत एक मोठा दोष आहे: पोंचो पाणी बाहेरून आत येऊ देत नाही, तसा घामही आतून बाहेर जाऊ देत नाही. रात्रभर त्याच्या आतल्या बाजूला दव साचते आणि लायनर ओलसर होते. म्हणून ही पिशवी पाऊस अंगावर येण्याचीच वेळ आली तर वापरावी, आणि तेव्हाही तोंड कधीही आत घेऊन श्वास सोडू नये. माझा सल्ला असा की पोंचो छप्पर म्हणून बांधावा आणि लायनर अंगावर घ्यावे. दोघांनाही आपापले काम करू द्यावे.

तिसरी रीत झोळण्याची, म्हणजे हॅमॉकची. झोळण्यात शरीराच्या भाराने कापड ताणले जाते आणि पाठीखालून वारा वाहतो, त्यामुळे आत पांघरूण घालून फारसा उपयोग होत नाही. लायनर झोळण्याच्या खाली, बाहेरून, त्याच्या नाड्यांनी झोळण्याच्या दोन्ही टोकांना सैलसर टांगावे. ते अंगाला टेकेल पण दबणार नाही, एवढेच ताणावे. दोन्हीमध्ये रिकामा झोल राहिला तर त्यातून वारा फिरतो आणि सगळे व्यर्थ जाते. ही जुळवाजुळव घरी दोन झाडांना किंवा गच्चीच्या कठड्याला बांधून आधी करून पाहावी.

वारा, पाऊस आणि जागा

लायनरचे कापड वारा पूर्ण अडवत नाही. टाक्यांच्या छिद्रांतून तो आत येतो. त्यामुळे अंधार पडण्यापूर्वी जागा निवडणे महत्त्वाचे. माथ्याचा कडा, दोन डोंगरांमधली खिंड आणि ओढ्याच्या काठची सखल जागा टाळावी. पहिल्या दोन ठिकाणी वारा गोळा होतो, तिसऱ्या ठिकाणी गार हवा साठते आणि पाऊस आला तर पाणीही. झाडीच्या आडोशाला, जमीन किंचित उताराची आणि खालचा खडक कोरडा असेल अशी जागा चांगली. पोंचोचे छप्पर तिरके बांधावे. उंच बाजू वाऱ्याच्या विरुद्ध दिशेला, खालची बाजू वाऱ्याकडे आणि तिच्या कडा खुंट्यांनी जमिनीला घट्ट. दोन पोंचो टिच बटणांनी जोडले तर दोघांसाठी बऱ्यापैकी तंबू होतो, ही सैनिकांची जुनी युक्ती आहे.

किल्ल्यावर रात्र काढायची असेल तर पुरातत्त्व खात्याचे आणि वन विभागाचे नियम आधी विचारावेत. संरक्षित किल्ल्यांवर मुक्कामाला बंदी असू शकते आणि अभयारण्याच्या हद्दीत परवानगी व शुल्क लागू शकते. पायथ्याच्या गावात चौकशी केली तर बहुतेक माहिती तेथेच मिळते, शिवाय अंगणात किंवा देवळाच्या ओसरीत झोपण्याची सोयही कित्येकदा होते, आणि हलक्या पांघरुणासाठी ओसरी ही आदर्श जागा आहे.

उघड्यावर झोपताना सर्वांत गंभीर धोका थंडीचा नसून सर्पदंशाचा आहे. मण्यार रात्री फिरते, जमिनीवर झोपलेल्या माणसाजवळ अंथरुणात येऊ शकते, आणि तिच्या दंशाच्या वेदना इतक्या थोड्या असतात की झोपलेल्याला तो कळतही नाही. साध्या लायनरला चेन नसते, आणि चेन असली तरी ते साप थांबवणार नाही. म्हणून मच्छरदाणी लावून तिच्या कडा मॅटखाली चारही बाजूंनी दडपाव्यात, किंवा बंद तंबूत झोपावे. मच्छर जातात हा वरचा लाभ. पहाटे उठल्यावर लायनर, बूट आणि सॅक झटकूनच हाताळावीत. कुणाला दंश झाला असे वाटले, पोटात मळमळ किंवा पापण्या जड होणे असे लक्षण दिसले, तर वेळ न दवडता रुग्णालयात न्यावे. बांधणे, कापणे, चोखणे यांतले काहीही करू नये.

झोपण्यापूर्वीची तयारी

दिवसभर घामाने भिजलेले कपडे अंगावर ठेवून झोपणे हे थंडी वाजण्याचे नेहमीचे कारण आहे. झोपेसाठी कोरड्या पूर्ण बाह्यांच्या कपड्यांचा एक जोड, पायमोजे आणि कानटोपी वेगळी प्लास्टिकच्या पिशवीत ठेवावी आणि तिला दिवसा हात लावू नये. जेवण रात्री उशिरा आणि पोटभर करावे. पिठले-भाकरी किंवा खिचडी पचताना जी उष्णता निर्माण होते ती पांघरुणाला मदत करते. स्टीलच्या बाटलीत गरम पाणी भरून, झाकण घट्ट असल्याची खात्री करून, ती मोज्यात घालून पायांपाशी ठेवली तर पहाटेपर्यंत उपयोग होतो. लघवीला जाऊन मगच आत शिरावे, नाहीतर मध्यरात्री पांघरूण सोडून बाहेर यावे लागते आणि ऊब पुन्हा जमवायला वेळ लागतो. दारू मात्र घेऊ नये. ती अंगात गरमी आल्याचा भास देते आणि प्रत्यक्षात त्वचेकडे रक्त वाढवून उष्णता बाहेर घालवते.

पहिली रात्र गडावर न काढता गच्चीवर काढावी. डिसेंबर-जानेवारीत घराच्या गच्चीवर, त्याच चटईवर, तेच कपडे घालून झोपून पाहिले की आपल्याला किती अंशांत थंडी वाजते ते कळते, आणि चुकल्यास जिना उतरून घरात येता येते. सकाळी हवामान विभागाचे किमान तापमान पाहून ते आठवणीत ठेवावे.

आग, धुणे, साठवण

नायलॉन आणि पॉलिएस्टर जळण्यापूर्वी वितळतात, आणि वितळलेले नायलॉन त्वचेला चिकटून भाजते. शेकोटीपासून उडालेली ठिणगी लायनरमध्ये बोटाएवढे भोक पाडते. म्हणून शेकोटीभोवती ते पांघरून बसू नये, आणि त्याखाली किंवा तंबूत स्टोव्ह पेटवू नये. तंबूत स्टोव्ह पेटवल्याने कार्बन मोनॉक्साईडही साचतो, आणि तो आगीपेक्षा अधिक गुपचूप जीव घेतो.

धुण्यासाठी थंड किंवा कोमट पाणी आणि सौम्य साबण वापरावा. फॅब्रिक कंडिशनर व ब्लीच वापरू नये. मशीनमध्ये नाजूक कपड्यांचा पर्याय निवडावा. टबमध्ये धुणार असाल तर चोळण्याऐवजी पायाने हलके दाबावे. जुन्या नगाला नॅप्थलिनचा किंवा कोंदट वास असेल तर पाण्यात दोन चमचे खाण्याचा सोडा टाकून रात्रभर भिजवावे. सुकवताना सावलीत, दोरीवर दोन ठिकाणी भार वाटून टाकावे. ऊन नायलॉनला क्षीण करते. इस्त्री कधीच करू नये.

भोक पडले तर रिपस्टॉप विणीमुळे ते लगेच वाढत नाही, त्यामुळे डोंगरावर चिकटपट्टीचा तुकडा दोन्ही बाजूंनी लावून वेळ मारून नेता येते. घरी आल्यावर पॉलिएस्टर दोऱ्याने त्याच जागी बारीक टाके घालावेत आणि वरून छोटा तुकडा शिवावा. साठवताना लायनर आवळून ठेवू नये. पिशवीत दाबून ठेवणे हे प्रवासापुरतेच असते, कारण महिनोन्महिने दाबलेले भरण पुन्हा पूर्ण फुगत नाही. कपाटात सैल घडी करून, कोरड्या सुती पिशवीत ठेवावे. पावसाळा संपल्यावर पहिल्या सहलीच्या आधी ते एक दिवस घरात मोकळ्या हवेत पसरून टाकावे आणि नाड्या पुन्हा तपासाव्यात. कोणती नाडी सैल झाली आहे हे सहलीच्या आदल्या रात्री कळले, तर तेव्हा सुईत दोरा ओवायला कुणाला वेळ नसतो.